पोटात गाठ निघाली, पण कोणती?

रविवारची वंदना संपली होती, लोक चपला शोधत होते. तेवढ्यात वस्तीतल्या एका मावशींनी साडीच्या दुकानाची एक पिशवी आमच्या हातात दिली. पिशवीत दोन वर्षांचे कागद होते. रक्ताचे रिपोर्ट, दुर्बिणीच्या तपासणीचे रंगीत फोटो, सी. टी. स्कॅनची घडी घालून चुरगळलेली फिल्म, आणि डिस्चार्ज कार्ड. मावशी म्हणाल्या, "हे सगळं वाचा आणि मला एकदाचं सांगा, मला कॅन्सर आहे का नाही. एक म्हणतो नाही, दुसरा म्हणतो आहे. पोरगा रात्री झोपत नाही."

कागद वाचायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. जिथे अडलो तिथे ओळखीच्या सर्जन डॉक्टरांना विचारले. मावशींची परवानगी घेऊन त्यांची हकीकत इथे देत आहोत, नाव मात्र देत नाही. जठरात गाठ निघाली की घरात एकच शब्द घुमतो. पण जठराच्या भिंतीत होणाऱ्या काही गाठी कॅन्सरच्या नसतात. त्या दुर्मीळ आहेत आणि ओळखायला अवघड आहेत. म्हणूनच त्यांच्याबाबत दोन्ही बाजूंनी चूक होते: साध्या गाठीला कॅन्सर समजून घर हादरते, नाहीतर "नॉर्मल" असा एक शब्द वाचून उपचार अर्धवट सोडले जातात. मावशींच्या बाबतीत दोन्ही झाले.

सुरुवात थकव्याने

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. दीड वर्षापासून त्यांना दम लागत होता. एक जिना चढला की कठड्याला धरून उभे राहावे लागे. बाईचे हिमोग्लोबिन साधारण १२ च्या वर असावे, त्यांचे ६ होते. वय पन्नाशीचे, पाळी जाण्याचा काळ, म्हणून "अंगावरून जास्त जात असेल" असे सगळ्यांनीच धरले. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन थोडे चढायचे आणि पुन्हा उतरायचे. रक्त जाते कुठे, हे कोणी विचारले नाही.

ते शीतून जात होते. जठरात रक्तस्राव झाला की रक्तावर आम्लाची क्रिया होते, आणि शी लाल न होता काळी होते. डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची. पण आपल्या वस्तीत सार्वजनिक संडास, आत अंधार, बाहेर रांग आणि दारावर थापा. आपली शी कशी झाली हे बघायला कोणाला सवड असते? मावशींनी कधी पाहिलेच नाही. पाहिले असते तरी गोळ्यांमुळे काळी झाली असे वाटले असते, कारण लोहाच्या गोळ्यांनीही शी काळपट-हिरवट होते. फरक असा, की गोळ्यांची शी डांबरासारखी चिकट नसते आणि तिला तो उग्र वास नसतो. शंका असेल तर शीत लपलेले रक्त आहे का, याची साधी आणि स्वस्त तपासणी होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काळी शी म्हणजे गाठच, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा कारण असते जठरातला अल्सर. गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणून रोज खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या हे त्यामागचे एक मोठे कारण. दारूने यकृत खराब झालेल्यांना वेगळ्याच कारणाने रक्तस्राव होतो आणि तो जिवावर बेततो. गाठ हे त्यातले कमी आढळणारे कारण आहे. पण कारण कोणतेही असो, काळ्या शीवर घरचा उपाय नाही. दुर्बीण घालून पाहावेच लागते.

दुर्बिणीला दिसले, तुकड्यात सापडले नाही

एके दिवशी मावशी संडासच्या रांगेतच भोवळ येऊन पडल्या. रुग्णालयात रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या आणि दुर्बिणीची तपासणी झाली. जठरात लिंबाएवढा फुगवटा दिसला, वरचे अस्तर गुळगुळीत, आणि मधोमध बेंबीसारखा खड्डा. डॉक्टरांनी तुकडा घेतला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात लिहिले होते की तुकड्यात फक्त सूज आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. घरात पेढे वाटले गेले. पुढच्या तारखेला कोणी गेलेच नाही.

हा रिपोर्ट खोटा नव्हता, पण पुरेसाही नव्हता. का, ते समजून घेऊ. जठराची भिंत आपल्या गोधडीसारखी थराथरांची असते. सर्वांत आत ओले, मऊ अस्तर. त्याखाली एक सैलसर थर. मग जाड स्नायूंचा थर, जो अन्न घुसळतो. आणि बाहेरून पातळ आवरण. नेहमीचा जठराचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो, त्यामुळे अस्तराचा तुकडा घेतला की तो बहुधा सापडतो. पण आपण ज्या गाठींबद्दल बोलत आहोत त्या अस्तराखाली, बहुतेक वेळा स्नायूंच्या थरात वाढतात. गोधडीच्या थरांत सुपारी अडकली आहे आणि आपण वरच्या कापडाचा कपटा कापून तपासला, तर कापडच सापडणार. दुर्बिणीच्या चिमट्यात वरचे अस्तर येते, गाठ येत नाही. म्हणून फुगवटा दिसतो आहे आणि तुकड्याचा रिपोर्ट मात्र "नॉर्मल", असे झाले तर अर्थ एवढाच की गाठीची तपासणी अजून झालेलीच नाही.

मग रक्त का जाते? गाठ वाढली की वरचे अस्तर ताणले जाते, त्याला रक्तपुरवठा कमी पडतो, मधोमध जखम होते आणि आम्ल तिला खात राहते. तोच तो बेंबीसारखा खड्डा. थोडे थोडे रक्त रोज जाते, कधी एकदम. गाठ साधी असली तरी हा रक्तस्राव साधा नसतो.

सात महिन्यांनी मावशींना पुन्हा तसेच झाले. या वेळी दुसऱ्या रुग्णालयात सी. टी. स्कॅन झाला. अशा गाठीसाठी शिरेतून औषध देऊन केलेला स्कॅन महत्त्वाचा असतो. गाठ किती मोठी, जठराच्या कोणत्या भागात, आत वाढते की बाहेर, यकृतात काही आहे का, हे त्यात दिसते. चरबीची गाठ असेल तर ती स्कॅनवरच स्पष्ट ओळखू येते, सुई टोचायची गरजही पडत नाही. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी बसवलेली असते. तिने भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात, गाठ नेमक्या कोणत्या थरातून उगवली ते कळते, आणि तिच्यातूनच सुई घालून खऱ्या गाठीचा नमुना घेता येतो. सगळीकडे ही सोय नाही. मावशींच्या रुग्णालयात नव्हती. पण गाठीतून रक्त दोनदा गेले होते, त्यामुळे ती काढायची हे नक्कीच होते आणि सुईवाचून अडले नाही.

पेट स्कॅनबद्दल दोन शब्द. तो महाग असतो आणि लोकांना वाटते की त्यात "चमकले" म्हणजे कॅन्सर. जठरातली एक साधी गाठ, जिचे नाव पुढे येईल, तीही पेट स्कॅनमध्ये चांगलीच चमकते. तेवढ्यावरून कोणी निदान सांगितले तर ऐकून घ्या, पण शेवटचा शब्द मानू नका.

एकसारख्या दिसणाऱ्या बहिणी

या गाठी कोणत्या, ते थोडक्यात. चरबीची गाठ म्हणजे लायपोमा. ती मऊ असते, दुर्बिणीतून दाबली की उशीसारखा खळगा पडतो. गुळगुळीत स्नायूची गाठ म्हणजे लायोमायोमा, ती बहुधा अन्ननलिका जठराला मिळते त्या बाजूला सापडते. ग्लोमस गाठ बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवतीच्या पेशींतून होते, सहसा जठराच्या खालच्या टोकाकडे, आणि ती बहुतेक वेळा साधीच असते. आणि चौथी श्वानोमा. जठराच्या भिंतीत नसांचे जाळे असते. नसांवर जसे वायरवर प्लास्टिक तसे वेष्टन असते, त्या वेष्टनाच्या पेशींतून ही गाठ होते. जठरातल्या १००० गाठींत साधारण २ इतकी ती दुर्मीळ आहे. ती मध्यमवयात आणि बायकांमध्ये जास्त दिसते.

श्वानोमा हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून पडले, नसांचे वेष्टन करणाऱ्या पेशी त्याच्या नावाने ओळखल्या जातात. गंमत अशी, की जठरातल्या रसात अन्न पचवणारे पेप्सिन असते हेही १८३६ मध्ये त्यानेच शोधले. आतड्या-जठरातल्या श्वानोमाचे वेगळे वर्णन मात्र जपानी डॉक्टरांनी १९८८ मध्ये केले.

या सगळ्यांत एक पाचवी मिसळलेली असते, आणि सगळी अडचण तिच्यामुळे आहे. तिचे नाव जिस्ट. ती भिंतीतच वाढते, तशीच गुळगुळीत दिसते, तसेच रक्त जाते. पण तिला साधी म्हणता येत नाही. लहान असेल तर बहुधा शांत राहते, मोठी झाली किंवा तिच्या पेशी वेगाने वाढत असल्या तर यकृतात पसरू शकते. आणि जठराच्या भिंतीतल्या या गाठींत संख्येने तीच सर्वांत जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात पाहिले तर जिस्ट, लायोमायोमा आणि श्वानोमा या तिघींच्या पेशी चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. पॅथॉलॉजीचा डॉक्टर कितीही हुशार असो, नुसत्या डोळ्यांनी त्याला खात्रीने सांगता येत नाही. पूर्वी या बहुतेक गाठींना सरसकट स्नायूची गाठ म्हणत असत. १९९८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी जिस्टमधल्या किट नावाच्या जनुकातला बिघड दाखवला, तेव्हापासून ही वाटणी पक्की झाली.

ऑपरेशन

मावशींच्या मुलाला वाटत होते की आता आईचे जठर काढून टाकणार आणि तिला आयुष्यभर पातळ पेजेवर राहावे लागणार. ही भीती आम्ही बऱ्याच घरांत ऐकली आहे. नेहमीच्या जठराच्या कॅन्सरमध्ये जठराचा मोठा भाग किंवा पूर्ण जठर आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. भिंतीतल्या या गाठींत तसे सहसा करावे लागत नाही. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी भिंत, पापडाच्या कडेचा तुकडा मोडावा तशी, कापून काढतात आणि उरलेले जठर शिवतात किंवा स्टेपलरने बंद करतात. जठर पिशवीसारखे मोठे असते, तेवढ्याने जेवण अडत नाही.

बऱ्याचदा हे दुर्बिणीने, पोटाला चार-पाच लहान छिद्रे पाडून होते. सर्जन एका गोष्टीची फार काळजी घेतात: गाठ आत फुटू द्यायची नाही. ती चिमट्यात घट्ट पकडत नाहीत, आणि बाहेर काढताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढतात. कारण त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते की ही श्वानोमा आहे की जिस्ट, आणि जिस्ट फुटली तर तिच्या पेशी पोटभर विखुरतात. गाठ मोठी असेल किंवा सोय नसेल तर पोट उघडून ऑपरेशन करतात, त्यात कमीपणा काही नाही. गाठ अन्ननलिकेच्या तोंडाशी किंवा जठराच्या खालच्या दारापाशी असेल तर मात्र काम अवघड होते आणि जास्त भाग काढावा लागू शकतो. म्हणून सही करण्याआधी विचारायचा प्रश्न असा: "डॉक्टर, गाठ कुठे आहे आणि जठर किती काढणार?"

प्रत्येक गाठ काढावीच लागते असेही नाही. दुसऱ्याच कारणाने दुर्बीण केली आणि २ सेंटिमीटरपेक्षा लहान, त्रास न देणारी गाठ दिसली, तर डॉक्टर बहुधा ठरावीक काळाने पुन्हा पाहत राहतात. त्या तारखा चुकवायच्या नाहीत, एवढीच अट.

ऑपरेशनचा विषय निघाला की आम्हाला जीवकाची आठवण होते. जन्मताच उकिरड्यावर टाकलेले ते मूल, पुढे तक्षशिलेत वैद्यक शिकले आणि भगवान बुद्धांचे व भिक्खूसंघाचे वैद्य झाले. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची एक हकीकत आहे. वाराणसीच्या एका सावकाराच्या मुलाच्या आतड्याला कोलांट्या मारताना पीळ पडला होता. जीवकाने गर्दी हटवली, पडदा लावला, पोट चिरले, पीळ पडलेले आतडे बाहेर काढले आणि आधी त्याच्या बायकोला दाखवले, की हा बघ तुझ्या नवऱ्याचा आजार. मग पीळ सोडवून आतडे आत घातले आणि टाके घातले. आम्हाला यात सर्वांत मोलाचे वाटते ते बायकोला दाखवणे. धम्मवंदनेत आपण "एहिपस्सिको" म्हणतो, म्हणजे ये आणि पाहा. दवाखान्यात गेल्यावर आपण तो शब्द का विसरतो? गाठ पाहायला मागा, फोटो मागा, कागद मागा.

कागदाची शेवटची ओळ

मावशींचे ऑपरेशन सरकारी रुग्णालयात नीट झाले. पाच दिवसांनी त्या घरी आल्या. नंतर गाठीचा रिपोर्ट आला. त्यात चातीसारख्या पेशींची गाठ असे इंग्रजीत लिहिले होते. घराजवळच्या एका डॉक्टरांनी "ट्यूमर" हा शब्द वाचला आणि कॅन्सर आहे, केमो घ्यावी लागेल असे सांगून टाकले. मुलाने कर्जासाठी विचारपूस सुरू केली. घरात कोणीतरी अंगारा आणण्याचीही गोष्ट काढली. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात हे ऐकून आम्हाला वाईट वाटले, पण भीतीपुढे माणूस काय काय करतो हे आम्हीही पाहिले आहे.

पिशवीतला तो रिपोर्ट आम्ही शेवटपर्यंत वाचला. तळाला एक ओळ होती: पक्क्या निदानासाठी आय. एच. सी. तपासणी करावी. ती ओळ कोणी वाचलीच नव्हती. या तपासणीत गाठीच्या पातळ कापांवर वेगवेगळी रसायने टाकतात. जी पेशी ज्या जातीची, तिला तसा तपकिरी रंग चढतो. एस-१०० ला रंग चढला आणि सीडी-११७ व डॉग-१ ला चढला नाही, तर श्वानोमा. सीडी-११७ आणि डॉग-१ ला चढला तर बहुधा जिस्ट. डेस्मिनला चढला आणि सीडी-११७ ला नाही, तर स्नायूची गाठ. यासाठी पुन्हा पोट उघडावे लागत नाही. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या चौकोनी ठोकळ्यात जपून ठेवलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक रुग्णालयाकडून मागून घेता येतो आणि जिथे सोय आहे तिथे नेता येतो. घरी आणला तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते.

नाव कळण्याला एवढे महत्त्व का, तर पुढचे सगळे त्यावर ठरते. श्वानोमा पूर्ण निघाली असेल तर केमो नाही, शेक नाही, गोळी नाही. ती परत येणे फार क्वचित घडते. जिस्ट निघाली आणि धोका जास्त असेल, तर इमॅटिनिब नावाची रोजची गोळी काही वर्षे घ्यावी लागते. नेहमीची केमो तिच्यावर फारशी चालत नाही, म्हणजे तिथेही आंधळी केमो वायाच. ही गोळी परदेशी कंपनीची असती तर एका महिन्याचा खर्च लाखाच्या वर गेला असता. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी त्या कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून देशी कंपन्यांची तीच गोळी त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळत राहिली.

पैशांचे मार्गही सांगतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, दाखल होण्याआधी भेटलात तर उत्तम. योजनेत काय बसते आणि आय. एच. सी. चा खर्च त्यात धरला आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला दाखवून हक्काने मागायचे, गयावया करायची नाही. आणि आपल्या उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांच्या आत देणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिले आहे.

मावशींचा ब्लॉक त्यांच्या मुलाने एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेऊन दिला. बारा दिवस लागले. रिपोर्ट घेऊन तो थेट विहारात आला, कारण त्याला तो उघडायचा धीर होत नव्हता. एस-१०० ला रंग चढला होता, सीडी-११७ आणि डॉग-१ ला नव्हता. कडेची भिंत निरोगी होती. श्वानोमा.

दीड महिना मावशींनी पाण्याची घागर उचलली नाही, टाक्यांवर ताण येऊन हर्निया होऊ नये म्हणून. सुरुवातीला त्या थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खात होत्या, आता भाकरी-भाजी जेवतात. रक्तवाढीच्या गोळ्या अजून चालू आहेत, मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११ झाले होते. पुढच्या वर्षी पुन्हा एकदा दुर्बीण करायची आहे, तारीख सुनेने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. कामाच्या घरांपैकी दोन घरे त्यांनी परत धरली. आणि सकाळी संडासला जाताना त्या सुनेचा मोबाइल मागून घेतात, बॅटरी लावून बघायला.